डबा विकू नका, टायमिंग विका



जुन्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर व्हिडिओ केला, तेव्हापासून गॅरेज टाकू पाहणारे बरेच जण एकच गोष्ट मागतात. "सर, तुमच्या टायमिंग मॅपची फाइल पाठवा ना." मी पाठवत नाही. यात कंजूषपणा काही नाही. दुसऱ्याची फाइल गिऱ्हाइकाच्या गाडीत टाकणं म्हणजे त्याच्या इंजिनावर जुगार खेळणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक प्रीमियर पद्मिनी आली. पॉइंट-कन्डेन्सरवाला डिस्ट्रिब्युटर काढून मोबाइलवरून प्रोग्रॅम होणारा बसवायचा होता. बसवला, परदेशातल्या कुणाची तरी फाइल त्यात टाकली आणि सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली. पिकअप झकास! गिऱ्हाईक खूश, मीही खूश. आठ दिवसांनी ते चार माणसं घेऊन खंबाटकी घाट चढले. भर उन्हात, तिसऱ्या गियरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. इंजिन ठोकत होतं, पण गाण्यांच्या आवाजात कुणाला कळलं नाही. हेड उघडलं तर एका पिस्टनची कड तुटलेली आणि हेड गॅस्केट गेलेलं. २६,००० रुपये माझ्या खिशातून गेले. मजुरी घेतली होती १,५००.

चूक कुठे झाली? पेट्रोल पेटायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधी स्पार्क द्यावा लागतो. वेग वाढला की स्पार्क आणखी लवकर हवा. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हे काम वजनं आणि स्प्रिंगा करतात. हलक्या लोडवर व्हॅक्यूमचा डबा आणखी थोडा ॲडव्हान्स देतो. मॅपमध्ये हेच सगळं आकड्यांत लिहायचं असतं: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड. घाटात आरपीएम कमी आणि लोड पूर्ण असतो, तेव्हा स्पार्क मागे ठेवावा लागतो. माझ्या फाइलमध्ये नेमक्या त्याच चौकटीत आकडा जास्त होता. ज्याने ती बनवली, त्याचं पेट्रोल वेगळं, कॉम्प्रेशन वेगळं, रस्ताही वेगळा.

आता मी काय करतो ते सांगतो. आधी पुलीवरची खूण खरी आहे का ते पिस्टन वर आणून तपासतो. मग टायमिंग लाइट लावतो. स्क्रीनवर १० अंश आणि लाइटवर १४ दिसले, तर मॅपमधला प्रत्येक आकडा ४ अंशांनी खोटा आहे. जुन्या मॅन्युअलचे आकडे घेताना आणखी एक गोष्ट बघतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तिथले १२ अंश क्रँकवर २४ होतात. इथे भले भले फसतात. सुरुवात कंपनीच्या मूळ आकड्यांपासून करतो आणि फुल लोडवर दोन अंश कमीच ठेवतो. मग गाडी भरून चढावर नेतो, कान देऊन ऐकतो. ठोकल्याचा जरा संशय आला की आकडा मागे.

या कामाला अर्धा दिवस जातो. म्हणून माझ्या बिलात आता दोन ओळी असतात: फिटिंगची मजुरी वेगळी आणि मॅप सेट करण्याची वेगळी. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण स्वतःच्या वेळेची किंमत लावायला घाटानेच शिकवलं.

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक पळून जाईल. काही जातात, जाऊ द्या. ॲम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली, मुंबईची पद्मिनी टॅक्सीही २०२३ मध्ये गेली. आज जो माणूस अशी गाडी सांभाळतो, तो हौसेने सांभाळतो. बऱ्याचदा ती त्याच्या वडिलांची असते. त्याला शेवटच्या अर्ध्या हॉर्सपॉवरशी देणंघेणं नाही, गाडी घरी परत यायला हवी. सेट केलेल्या मॅपची तारीख टाकलेली प्रिंट त्याच्या हातात द्या. एवढ्या एका कागदाने माझी निम्मी नवी गिऱ्हाइकं आली आहेत.

डबा कुणीही ऑनलाइन मागवेल, तुमच्यापेक्षा स्वस्तात मागवेल. चढावर बसून ऐकणारा कान मात्र ऑनलाइन मिळत नाही. पुढच्या गाडीला हात लावण्याआधी चांगला टायमिंग लाइट घ्या, एक चढ शोधून ठेवा आणि आपल्या अर्ध्या दिवसाचा भाव कागदावर लिहा. तो भाव गिऱ्हाइकाला सांगताना मान खाली घालू नका.