ज्या भुकेची नोंद होत नाही

माझ्या कामात ‘सिस्टिम’ हा शब्द दिवसातून पन्नासदा येतो. त्यामुळे जागतिक परिषदांमध्ये ‘फूड सिस्टिम बदलायला हवी’ असं कोणी म्हणालं की माझे कान टवकारतात. 2021 च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी अन्नव्यवस्थांवर शिखर परिषद घेतली. तिचा आढावा 2023 मध्ये रोमला आणि 2025 च्या जुलैत अदिस अबाबाला झाला. अदिस अबाबात जाहीर झालेल्या अहवालानुसार 2024 मध्ये जगात सुमारे 67 कोटी लोक उपाशी होते. भूक शून्यावर आणण्याचं वर्ष ठरलंय 2030. त्या वर्षीही 51 कोटी माणसं उपाशी असतील, असं तोच अहवाल सांगतो.

जगात धान्य कमी आहे म्हणून हे होत नाही. 1943 च्या बंगालमध्ये लाखो माणसं मेली, पण त्या वर्षीचा धान्यसाठा 1941 पेक्षा कमी नव्हता, हे अमर्त्य सेन यांनी 1981 मध्येच दाखवून दिलं. धान्य होतं, मजुराच्या हातात ते घ्यायची ताकद उरली नव्हती. चाळीसेक वर्षं झाली या गोष्टीला, तरी परिषदांचा सूर उत्पादन, नवं तंत्रज्ञान आणि डेटा असाच लागतो. 2021 च्या परिषदेवर छोट्या शेतकऱ्यांच्या अनेक संघटनांनी बहिष्कार टाकला, कारण तिथे मोठ्या कंपन्यांचं वजन जास्त होतं. ती तक्रार मला पटते. माझी स्वतःची तक्रार मात्र जरा वेगळी आहे, आणि ती माझ्या धंद्यातून आलेली आहे.

आमच्याकडे मध्यरात्री एखाद्या शॉपिंग ॲपचं पेमेंट अडकलं, तर दोन वाजता कोणाच्या तरी फोनवर अलार्म वाजतो. तो माणूस शिव्या घालत उठतो, लॅपटॉप उघडतो आणि चूक दुरुस्त झाल्याशिवाय झोपत नाही. सिस्टिम चांगली की वाईट हे मी यावरूनच ठरवतो. ती बिघडणार हे गृहीत आहे. बिघडल्यावर कोण उठतं? रेशन दुकानात अंगठा लागला नाही, तर कोण उठतं?

हा प्रश्न ब्राझीलने थोडा सोडवला होता. 2003 मध्ये लुला सरकारने ‘शून्य भूक’ कार्यक्रम सुरू केला. त्यासोबत राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणारी एक अन्नसुरक्षा परिषद पुन्हा उभी केली. तिच्यात सरकारपेक्षा सामाजिक संघटनांचे प्रतिनिधी जास्त असायचे, म्हणजे ओरडणाऱ्याला बसायला खुर्ची होती. शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातून किमान 30 टक्के खरेदी छोट्या शेतकरी कुटुंबांकडून करायची, असा कायदा 2009 मध्ये झाला. 2010 मध्ये अन्नाचा हक्क राज्यघटनेत गेला आणि 2014 मध्ये ब्राझील जगाच्या भूक-नकाशावरून उतरला. पुढे जानेवारी 2019 मध्ये बोल्सोनारो सत्तेवर आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ती परिषद गुंडाळली. 2022 च्या एका मोठ्या पाहणीत 3 कोटी 30 लाख ब्राझीलवासी उपाशी आढळले. यात कोविड आणि मंदीचा मोठा वाटा आहेच, सगळं खापर एका परिषदेच्या बरखास्तीवर फोडता येणार नाही. पण त्या काळातही देश जगाला सोयाबीन आणि मांस विकतच होता. 2023 मध्ये परिषद परत आली, योजनांना पैसा मिळाला आणि 2025 मध्ये ब्राझील पुन्हा त्या नकाशावरून उतरला. माती तीच, ट्रॅक्टर तेच. बदललं ते सरकार, आणि जाब विचारणाऱ्याची जागा.

आता आपल्याकडे. भारतात अन्नाचा हक्क कुठल्या परिषदेने दिला नाही. 2001 मध्ये सरकारी गोदामं धान्याने भरलेली असताना राजस्थानात लोक उपाशी होते, तेव्हा पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या खटल्यातून आणि रस्त्यावरच्या आंदोलनातून शाळेतलं शिजवलेलं जेवण आलं आणि पुढे 2013 चा अन्नसुरक्षा कायदाही आला. प्राधान्य कुटुंबात माणशी महिना 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. 80 कोटींवर लोकांना धान्य देणारी एवढी मोठी व्यवस्था जगात दुसरी दाखवा. मला तिचा अभिमान वाटतो, म्हणूनच तिच्यातल्या बगवर बोलतोय.

ई-पॉस मशीन आलं त्याचे फायदे आहेत. बिहारमधून भिवंडीत यंत्रमागावर आलेला कामगार आता गावाकडच्या कार्डावर इथे धान्य उचलू शकतो. ही गोष्ट लहान नाही. पण झारखंडमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी लाखो लाभार्थींच्या पातळीवर याची तपासणी केली, तेव्हा नुसत्या आधार-पडताळणीने गळती सरासरी कमी झालेली दिसली नाही. ज्यांचं आधार कार्डाशी जोडलेलं नव्हतं, त्यांच्या हाती येणारं धान्य मात्र सुमारे 10 टक्क्यांनी घटलं. अंगठा चुकल्याची नोंद सर्व्हरवर राहतही असेल. बाई रिकामी पिशवी घेऊन घरी गेली, हे कुठे लिहिलं जातं? उलट कार्ड रद्द झालं की ते सरकारी निवेदनात ‘बोगस’ म्हणून मोजलं जातं आणि वाचलेलं धान्य ‘बचत’ ठरतं. अपयशाला यश म्हणून मोजणारा डॅशबोर्ड मी ऑफिसात दाखवला असता, तर दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची गेली असती.

यात आपल्या वस्त्यांचा एक खास प्रश्न आहे. महंमद, मोहम्मद, मुहम्मद, मो. – एकाच माणसाची ही चार नावं चार कागदांवर असतात. शेखचं इंग्रजी स्पेलिंग तर घरातल्या दोन भावांचंही जुळत नाही. खातून, बी, बानू कधी आडनाव होतं, कधी गळून जातं. अक्षराला अक्षर जुळवणारं सॉफ्टवेअर यांना वेगवेगळी माणसं समजतं. यावर उपाय आहेत, उच्चारावरून नावं जुळवणारे अल्गोरिदम शंभर वर्षं जुने आहेत. ते वापरायचे की नाही हा निर्णय यंत्राने घेतलेला नाही. सासरी आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालं आणि इथे चढलंच नाही, हे तर तुमच्या गल्लीत विचारलंत तरी दोन-तीन घरं सापडतील.

रमजानमध्ये रेशन किट वाटणाऱ्या तरुणांच्या टीम आपल्याकडे भरपूर आहेत. यादी त्यांच्याकडे असते, घरं माहीत असतात. किट देताना आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. कार्डावर अन्नसुरक्षेचा शिक्का आहे का? घरातल्या सगळ्यांची नावं चढली आहेत का? मशीनवर अंगठा लागतो का? नसेल, तर लेखी तक्रार. कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्यावर राज्य अन्न आयोग आहे, दुकानावर लक्ष ठेवणारी दक्षता समिती आहे. हक्काचं धान्य मिळालं नाही तर आठव्या कलमाखाली रोख भत्ता देणं सरकारवर बंधनकारक आहे. अंगठा लागत नाही म्हणून कोणाला परत पाठवू नका, रजिस्टरमध्ये नोंद करून धान्य द्या, असं केंद्राने ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना कळवलंय. तारखेची पोच घेतलेला अर्ज हाच आपल्याकडचा अलार्म. किटमधलं तेल महिनाभर पुरतं, कार्डावर नाव चढलं तर बारा महिने धान्य येतं.

मात्र तहसीलला गेलात की एक शब्द हमखास ऐकाल, ‘इष्टांक’. इष्टांक शिल्लक नाही, म्हणजे कोटा भरला. महाराष्ट्राचा कोटा सुमारे 7 कोटी माणसांचा आहे आणि तो 2011 च्या जनगणनेवर बेतलाय. नंतर जन्मलेली मुलं, नंतर शहरात आलेली कुटुंबं त्या हिशेबात धरलेलीच नाहीत. देशभरात असे 10 कोटींहून जास्त लोक बाहेर राहिले असल्याचा अंदाज ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी 2020 मध्येच मांडला होता. शिवाय शहरात शिक्का मिळायची उत्पन्नमर्यादा वर्षाला 59 हजार ठरलेली, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. एवढ्यात मुंब्र्यात खोलीचं भाडं तरी निघतं का?

पुढची जनगणना 2027 ची ठरली आहे. तिचे आकडे आले की इष्टांक आपोआप वाढेल असं समजून गप्प बसू नका. कायद्यात टक्केवारी आहे, ग्रामीण 75 आणि शहरी 50, पण तिचा नवा हिशेब कधी मांडायचा हे सरकारच्या हातात आहे. आमदार मत मागायला गल्लीत येतील तेव्हा रस्ता आणि गटारासोबत हाही प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा.