मुंग्या, मेदुवडा आणि अँटेना

गेल्या दिवाळीत वैजापूरच्या शेतात भाच्याने गॉगल चढवले, ड्रोन उडवला आणि दोनच मिनिटांत ओरडला, ‘मामा, मुंग्या आल्या!’ पुढचा दीड तास आम्ही कपाशीत वाकून ड्रोन शोधत होतो. पोराने वर्षभर पैसे साठवून, स्वतः सोल्डर करून बनवलेला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्यात गॉगलवरचा नवा अँटेना पुण्याहून मीच नेलेला, प्रेझेंट म्हणून!

तिशी ओलांडलेल्या मंडळींना मुंग्या नव्या नाहीत. दूरदर्शनच्या जमान्यात आमच्या गच्चीवरच्या अँटेनाचं तोंड म्हैसमाळच्या टॉवरकडे असायचं. एक जण वर, एक खिडकीत. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ एफपीव्हीचा, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र थेट डोळ्यांसमोर बघत उडवण्याचा, फंडा तोच. फक्त इथे टॉवरच हवेत कोलांट्या मारतो.

आणि गोची तिथेच आहे. गच्चीवरच्या अँटेनाच्या काड्या आडव्या असायच्या. उभ्या केल्या की चित्र खराब. ड्रोन तर सतत कलंडतो. म्हणून इथे लहरीलाच फिरकी देतात. उजवी किंवा डावी, म्हणजे आरएचसीपी किंवा एलएचसीपी. गंमत म्हणजे भिंतीवर किंवा पत्र्यावर आपटून आलेली लहर उलट्या फिरकीची होते आणि अँटेना तिला फारशी दाद देत नाही. त्यामुळे चित्र स्वच्छ. पण दोन्ही टोकांची फिरकी एकच हवी! ड्रोनवर उजवा आणि गॉगलवर डावा लावलात, तर वीसेक डेसिबल सहज जातात. म्हणजे शंभरातला एक भाग हाती लागतो आणि मोकळ्या रानातसुद्धा रेंज दहाव्या हिश्शावर येते. बांधाजवळ सगळं झकास, पुढे मुंग्या.

मी नेमका डावा नेला होता. का? तर खोक्यावर गेनचा आकडा मोठा होता. या आकड्याला भुलू नका. गेन म्हणजे जादा ताकद नव्हे, टॉर्चचा झोत बारीक करणं. चपटा पॅच अँटेना समोर लांबवर बघतो, ड्रोन पाठीमागे गेला की आंधळा. छत्रीसारखा गोल ओम्नी चहूकडे बघतो, पण त्याचा आकार मेदुवड्यासारखा. भोक बरोबर डोक्यावर! गॉगलला दोन रिसीव्हर असतील तर एकावर ओम्नी, एकावर पॅच लावा. सुरुवात करताय? निमूटपणे एकाच फिरकीचे दोन ओम्नी घ्या. रेंज दुप्पट करायला सहा डेसिबल लागतात, तेव्हा एक-दीड डेसिबलसाठी खिसा रिकामा करण्यात अर्थ नाही.

कनेक्टरही बघून घ्या. एसएमए आणि आरपी-एसएमए एकमेकांत बसतात, पण मधली पिनच नसते किंवा दोन पिना समोरासमोर येतात. आणि अँटेना न लावता ट्रान्समीटर चालू केलात तर तो जळू शकतो, हे फळ्यावर लिहून ठेवा.

आणखी एक. गॉगल घातल्यावर आकाश दिसत नाही, तेव्हा ड्रोनवर नजर ठेवणारा दोस्त शेजारी हवाच. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर झोन बघायचा, तेही विसरू नका.

ड्रोन शेवटी आईला सापडला, कापूस वेचता वेचता. दोन पाती तुटली होती, बाकी ठणठणीत. पात्यांचे आणि उजव्या अँटेनाचे पैसे कोणाकडून वसूल झाले, हे सांगायला नकोच!