उरले ते आपले

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीतून जित्याला उतरलो, की माझा भाचा स्टेशनावर हजर असतोच. यंदा मात्र स्वारीचा चेहरा उतरलेला. हा वास्तुविशारद, नोकरी नाही, साहेब नाही. घरच्या पडवीत बसून लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढतो. काम भरपूर, पैसाही बरा. मग झाले काय?

“मामा, जुलैत कर भरायला आईची ठेव मोडली. आजारपणासाठी ठेवली होती तिनं. एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागतं.”

वर्षभराची मिळकत नव्या छपरात आणि गाडीत गेली. पावसात बांधकामे थांबली, तशी येणीही थांबली. नोकरदाराचा कर पगारातूनच कापला जातो. याच्या हाती पैसा येतो तो अख्खा, म्हणून अख्खा आपलाच वाटतो. खरी मेख येथेच आहे!

रात्री वही काढली. अशा व्यावसायिकांना एक सोपी वाट आहे. वर्षाची जमा 50 लाखांच्या आत असेल (रोखीचा वाटा 5 टक्क्यांहून जास्त नसेल, तर 75 लाखांच्या आत), तर किमान निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवून कर भरता येतो. खर्चाची पावती न् पावती जपावी लागत नाही.

जमा 26 लाख धरली. उत्पन्न झाले 13 लाख. 2025-26 सालचे नव्या करपद्धतीचे दर लावले. पहिल्या 4 लाखांवर काही नाही, पुढच्या 4 लाखांवर 20 हजार, त्यापुढच्या 4 लाखांवर 40 हजार, उरलेल्या लाखावर 15 हजार. वर 4 टक्के उपकर. एकूण 78 हजार. म्हणजे शंभरातले अवघे तीन रुपये! उत्पन्न 12 लाखांपर्यंतच असते, तर सवलतीमुळे करही लागला नसता.

पण हा कर 15 मार्चच्या आत भरायचा असतो. तो जुलैत भरला, तर मार्च चुकल्याचे 1 टक्का आणि एप्रिलपासून दरमहा 1 टक्का मिळून 3,900 रुपये व्याज. सोपी वाट न धरणाऱ्यांना मात्र चार हप्ते : 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत सगळा. शिवाय सेवेची उलाढाल 20 लाखांवर गेली, की वस्तू व सेवा कराची नोंदणी आली. तो पैसा तर गिऱ्हाइकाने सरकारसाठी दिलेला. त्याला हातच लावू नये.

सकाळी हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात गेलो. म्हाताऱ्या मूर्तिकाराला विचारले, “वर्षाचा पैसा एकदम येतो, पुरवता कसा?”

“पैसा आला की आधी पुढच्या मातीचा बाजूला,” तो हसून म्हणाला. “उरला तो आपला.”

भाच्याने त्याच दिवशी बँकेत दुसरे खाते उघडले. आता शंभर आले की पाच तिकडे जातात. तीन कराचे, दोन अडीअडचणीचे. आईची ठेवही थोडी थोडी भरून निघते आहे.

वाचकहो, तुमच्या घरीही असा कोणी स्वतंत्र धंदा करणारा असेल. यंदा लक्ष्मीपूजनाला वही पुजाल, तेव्हा तिच्यात एक रकाना जास्त आखा!