सातबाऱ्यावर नसलेले गाव

मालेगाव जहांगीरहून शेलूबाजारकडे निघालेल्या माणसाला जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावर किन्हीराजा लागते. एसटीच्या खिडकीतून ते फाट्यावरच्या चारदोन पाट्यांइतकेच दिसते. सरकारी कागदात ते त्याहून लहान आहे: जनगणनेच्या तक्त्यातली एक ओळ, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. गावाचा भूगोल आणि इतिहास म्हणून एवढ्यावर भागते असे आपण धरून चाललो आहोत. ते भागत नाही, आणि न भागल्याची किंमत आता पाण्यात, वाटांत आणि वादांत मोजावी लागणार आहे.

आधी भूगोल. वाशीम जिल्हा ही वऱ्हाडातली माथ्यावरची जमीन आहे. या पठारावरून काटेपूर्णा उत्तरेला उतरते, पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते. अडाण आणि अरुणावती आग्नेयेकडे वळतात, पैनगंगेला भेटतात, आणि ते पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करत बंगालच्या उपसागराला पोचते. दोन खोऱ्यांची पाणलोट रेषा या मुलखातून गेली आहे. शाळेच्या पुस्तकात हे वाचताना कौतुक वाटते. शेतात उभे राहिले की अर्थ कळतो. माथ्यावरच्या गावाला वरून कुणी पाणी देत नाही. बारमाही नदी नाही, मोठ्या कालव्याचा भरवसा नाही. आभाळातून जे पडेल ते काळ्या खडकाच्या वरच्या कुजलेल्या थरात, मुरुमात आणि फटींत जेवढे मुरेल तेवढेच विहिरीत दिसणार. म्हणून इथे नाला कुठून येतो, लवण म्हणजे सखल भाग कुठे आहे, बरड कुठे संपते आणि खोल काळी जमीन कुठे लागते, हे जाणणे ही रोजच्या धंद्याची अक्कल होती.

ही अक्कल कुठे नोंदलेली होती? शेतांच्या नावांत. वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याला विचारा, तो गट नंबर सांगणार नाही. अमक्याचे बरड, तमक्या झाडाखालचे वावर, लवणातले, मसणाच्या अंगचे, असे सांगेल. त्या नावात मातीचा पोत असतो, उतार असतो, जुना मालक असतो, कधी तुटून गेलेले झाडही असते. 1861 नंतर इंग्रजांनी वऱ्हाडात मुंबई पद्धतीची मोजणी आणली तेव्हा वावराला सर्व्हे नंबर मिळाला. नंतर एकत्रीकरण झाले आणि ठिकठिकाणी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. प्रत्येक पायरीवर हिशेब नेमका होत गेला. मोजणीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ती झाली नसती तर धुऱ्याचे वाद आजच्या दसपट असते. पण आकडा आला म्हणून नाव टाकून द्यावे असे कुणी सांगितले नव्हते. ते आपण आपखुशीने टाकले.

गावाच्या नावाचेच घ्या. किन्हई हे पांढऱ्या शिरसाच्या जातीतल्या झाडाचे मराठी नाव. झाडावरून गावाला नाव देण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे; उमरा, बोरगाव, पिंपळगाव, चिंचाळा ही गावे पावलोपावली भेटतात. किन्ही नावाची गावेही विदर्भात अनेक आहेत, आणि एका नावाची गावे वाढली की ओळखीसाठी पुढे एखादे शेपूट लागते. ‘राजा’ हे तसे शेपूट. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा आहेत, आणि त्या दोन्हींचा संबंध जाधवरावांच्या घराण्याशी आहे. इथे मोह होतो. किन्हीराजालाही त्याच राजांच्या ओळीत बसवावे, एक किल्ला, एक लढाई, एक राणी जोडावी आणि मोबाइलवर फिरवावी. सहा महिन्यांत तो इतिहास होतो, वर्षभरात कमानीवर चढतो. कागद न पाहता गावाला राजा बहाल करणे म्हणजे गावाचा इतिहास लिहिणे नव्हे, तो बुजवणे आहे. मालेगावच्या ‘जहांगीर’मध्ये जहागीर आहे, कारंजाच्या ‘लाड’मध्ये एक व्यापारी समाज आहे. ही शेपटे महसुलाची, वतनाची आणि व्यापाराची साक्ष देतात, आणि साक्षीदाराला उलटतपासणी लागतेच.

उलटतपासणीला कागद लागतात. इथे किन्हीराजासारख्या गावाचे दुर्दैव असे, की गाव तसूभर हलले नाही, राज्ये मात्र त्याच्यावरून सरकत राहिली. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात बासीम नावाची सरकार, म्हणजे महसुली विभाग, होती. तिची नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली आली, म्हणजे एका रयतेच्या उत्पन्नावर दोन धन्यांचा हात. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, 1902 मध्ये कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. 1905 मध्ये तर वाशीम जिल्हाच मोडला: वाशीम आणि मंगरूळ अकोल्याकडे, पुसद यवतमाळकडे. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. आणि 1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला, त्र्याण्णव वर्षांनी.

परिणाम असा, की या भागातल्या एका गावाचा माग काढायचा तर वाशीम, अकोला, अमरावती, नागपूर आणि हैदराबाद एवढ्या ठिकाणी जावे लागते. फारसी, मोडी, इंग्रजी आणि बाळबोध एवढ्या लिप्यांशी गाठ पडते. छापील साधने त्या मानाने थोडी. आल्फ्रेड लायल याने 1870 मध्ये वऱ्हाडचे गॅझेटिअर काढले, ब्राउन आणि नेल्सन यांचे अकोला जिल्ह्याचे 1910 मध्ये आले, यादव माधव काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. गॅझेटिअरवाल्यांची नजर कचेरीची होती. बाजारपेठ, देऊळ, किल्ला असेल तर परिच्छेद. नुसते शेतकऱ्यांचे गाव असेल तर तक्त्यातली ओळ. त्यांना दोष कशाला द्यायचा? ते त्यांच्या कामापुरते लिहीत होते. आपले काम करायला आपण कधी बसलो, हा खरा प्रश्न आहे.

एका परक्या देशाने हे काम कसे केले ते पाहण्यासारखे आहे. 1795 ते 1918 या काळात पोलंड हे राष्ट्र नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते वाटून घेतले होते. याच काळात, 1880 ते 1902 या वर्षांत, वॉर्सामधून पोलिश मुलखाचा एक भौगोलिक कोश निघाला. पंधरा खंड. त्यात शहरे आहेतच, पण दहा-वीस घरांची खेडीही आहेत: घरे किती, माणसे किती, जमीन कुणाची, ओढा कोणता, जवळचे टपालघर किती अंतरावर. स्वतःचे सरकार नसताना लोकांनी एकेक खेडे लिहून ठेवले. पुढे 1940 मध्ये पूर्व सीमेवरची लाखो माणसे सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हाकलली. त्यांतली सुमारे पाच हजार फिरत फिरत आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत येऊन 1943 ते 1948 पर्यंत राहिली. युद्ध संपले तेव्हा त्यांची खेडी दुसऱ्या देशात गेली होती. पश्चिमेकडे उलटा प्रकार झाला: जर्मन मुलूख पोलंडला मिळाला आणि हजारो गावांची नावे आयोग नेमून बदलण्यात आली. आज त्या विस्थापित घराण्यांची नातवंडे आजोबांचे गाव शोधतात तेव्हा त्या जुन्या कोशाची पाने उघडतात. गावे गेली, नावे बदलली, नोंद उरली.

आपल्याकडे आक्रमण नाही, हद्दपारी नाही. म्हणूनच गाफीलपणा जास्त आहे. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून गेला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, आणि 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता जून 2025 मध्ये. तो नको होता असे मी म्हणत नाही. ज्यांची जमीन गेली त्यांतल्या अनेकांना चांगले पैसे मिळाले. पण असा रस्ता उंच भरावावरून जातो, आणि भराव पाण्याला आडवा येतो. मोरी कुठे ठेवायची हे नकाशा पाहून ठरते. नकाशावर मोठा नाला असतो. पावसाळ्यात दोन महिने वाहणारी आणि एरवी पेरणीखाली जाणारी लवणातली ओघळ असेलच असे नाही. ती सांगायला नाव लागते आणि नाव सांगणारा लागतो. जलयुक्त शिवारसारख्या कामांतही हेच. नाला खोल करायला यंत्र येते. मुरूम कुठवर आणि पक्का खडक कुठून, जुना काठ कोणता आणि नंतर दाबून वावरात घेतलेला कोणता, हे यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक नसते.

पांदण आणि ई-क्लास यांची कथा याहून वाईट. वऱ्हाडात गुरांच्या चराईची सरकारी जमीन अजून ‘ई-क्लास’ म्हणून ओळखली जाते. इंग्रजी अमदानीतले ते वर्गीकरण लोकांच्या तोंडात राहिले, जमीन मात्र राहिली नाही. दर वर्षी धुरा एक तास आत कोरला जातो. पांदणीतून बैलगाडी जायची, तिथून आता सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्र नेता येत नाही, आणि मग तहसीलमध्ये अर्ज, पोलीस ठाण्यात तक्रार, भावकीत अबोला. सरकारने पाणंद रस्त्यांसाठी योजना आणल्या. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जाऊ लागली आणि घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. हे उपयोगाचे आहे. मात्र ड्रोन आज जे आहे ते टिपतो. अतिक्रमण झाल्यानंतर काढलेले छायाचित्र अतिक्रमणाच्याच बाजूने बोलते.

जुन्या नोंदीची किंमत आपल्याला कळते, पण गरज पडली की. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. विदर्भात जातीच्या दाखल्यासाठी लोक कोतवाल बुकाची नक्कल काढतात ती वर्षानुवर्षे. गावच्या कोतवालाने जन्ममृत्यूच्या ओळी लिहिल्या त्या पणतवंडाच्या कॉलेजप्रवेशाला कामी आल्या. हातात कोतवाल बुकाची नक्कल आली की माणूस आपले नाव शोधतो, घडी घालतो आणि निघून जातो. त्याच पानावर कोणत्या साथीत किती मुले दगावली, कोणती आडनावे तेव्हा गावात होती आणि आता नाहीत, हेही लिहिलेले असते. ते कुणी वाचत नाही. तो कागद ठिसूळ होत चालला आहे.

अशा नोंदीसाठी कायद्याने एक चौकट दिली होती. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. झाडे, गवत, पाणवठे, पिकांचे जुने वाण आणि त्यांची स्थानिक नावे असे सगळे त्यात बसते. हरित लवादाने मुदत घातली तेव्हा अनेक ठिकाणी ती घाईघाईने भरली गेली. तरी चौकट अजून आहे, आणि तिच्यात नाले व वावरांची नावे लिहायला कुणी मनाई केलेली नाही.

लिहिलेले नाव किती टिकते, याचा दाखला जवळच आहे. वाशीममध्येच 1939 साली एक ताम्रपट सापडला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा दुसरा विंध्यशक्ती याने चौथ्या शतकात नांदेडच्या उत्तर बाजूचे आकासपद्द नावाचे खेडे ब्राह्मणांना दान दिल्याची त्यावर नोंद आहे, शेजारच्या गावाच्या नावासकट. वा. वि. मिराशी आणि य. खु. देशपांडे यांनी ती वाचली. राजाच्या कारकुनाने गाव लिहून ठेवले ते दानासाठी. तरी सोळाशे वर्षांनी आपल्याला ते नाव उच्चारता येते. किन्हीराजाच्या आजच्या एखाद्या नाल्याचे नाव पुढच्या तीस वर्षांनी उच्चारता येईल, याची हमी कोण देईल?

माझे मागणे मोठे नाही. मास्तर असतील, तलाठी असतील, गावातून शहरात गेलेला आणि उन्हाळ्यात परत येणारा एखादा पोरगा असेल. त्याने गावातल्या दोन म्हाताऱ्यांना आणि एका म्हातारीला सोबत घ्यावे. म्हातारीला तर नक्की, कारण निंदणीला बायका ज्या वावरांत गेल्या ती वावरे पुरुषांनी पाहिलेली नसतात. शिवेपासून सुरुवात करावी, प्रत्येक वावराचे, ओघळीचे, पांदणीचे, मोठ्या झाडाचे नाव विचारावे आणि गट नंबरासमोर लिहावे. दोन सांगणाऱ्यांत मतभेद झाला तर दोन्ही नावे लिहावीत. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, एक शाळेत. हे मे महिन्यात करावे. मृग लागून सोयाबीन वर आले की नाल्याचा जुना काठ दिसत नाही.