कोणता कॅमेरा घ्यावा?



आपल्या अंकाच्या संपादकांचे पत्र आले. जुना विद्यार्थी म्हणून काही लिहा, आणि जन्मभर फोटोग्राफी केली आहे तर मुलांनी कोणता कॅमेरा घ्यावा हेही सांगा, असा त्यांचा आग्रह. उत्तर एका ओळीत देता आले असते, पण ते खोटे झाले असते. म्हणून हा लेख.

१९७३ साली बेळगावला रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि नोकरी मिळेपर्यंत म्हणून मध्य प्रदेशात बालाघाटला मामांच्या स्टुडिओत गेलो. तो तिथलाच झालो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. इकडे भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि त्याला लागून असलेले बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. म्हणजे एका सीमाभागातून निघून मी दुसऱ्या सीमाभागात पोचलो, एवढेच. इथे कन्नडऐवजी हिंदी, पोवारी आणि गोंडी कानांवर पडते.

मामांकडे दोन भिंगांचा याशिका कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. लग्नाला तीन रोल खर्च करणारा यजमान श्रीमंत समजला जाई. फिल्म बहुधा उटीच्या सरकारी कारखान्यातली, 'इंदू' नावाची. मे महिन्यात टाकीतले पाणी इतके तापे की डेव्हलपर वीस अंशांच्या आसपास आणण्यासाठी बर्फ आणून त्यात भांडे ठेवावे लागे. कंटाळा केला तर निगेटिव्हवरचा थर मऊ पडून सुटू लागे. माझ्या पदवीचा उपयोग झाला तो एवढ्यापुरता.

मामा फोटो बरे काढीत, फार उत्तम नव्हे. हे आज लिहिताना संकोच वाटतो, पण खरे आहे. मात्र एका बाबतीत ते कर्दनकाळ होते. प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात गेली पाहिजे, पाकिटावर नंबर पडला पाहिजे, आणि त्याच रात्री रजिस्टरात नाव, गाव, तारीख चढली पाहिजे. लग्नसराईत पहाटेचे दोन वाजले तरी त्यातून सुटका नसे. मला हा निव्वळ कारकुनीपणा वाटे. मी स्वतःला कलावंत समजत होतो!

२०११ साली भरवेलीहून एक बाई आल्या. बालाघाटजवळ भरवेलीला मँगनीजची मोठी खाण आहे. त्यांचे यजमान तिथे कामाला होते, वारून बरीच वर्षे झाली होती. घरात त्यांचा एकही फोटो उरला नव्हता. खाणीच्या पाससाठी कधीतरी तुमच्याकडेच काढला होता, एवढीच त्यांना आठवण. साल माहीत नाही. थोरला मुलगा रांगत होता तेव्हा, म्हणाल्या. मुलाचे वय विचारून मी हिशेब मांडला आणि रजिस्टरे काढली. दोन संध्याकाळी गेल्या. १९७९ च्या रजिस्टरात नाव सापडले, खोक्यात पाकीट सापडले. प्रिंट हातात घेऊन बाई पुष्कळ वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतके लहान होते? माझा मुलगा आता यांच्यापेक्षा मोठा दिसतो." त्या फोटोत कलेच्या दृष्टीने काहीही नाही. सरळ उजेड, मागे पांढरा पडदा, आणि फ्लॅशला दचकलेला माणूस.

आता दुसरी गोष्ट, जी मी सहसा सांगत नाही. २०१३ साली मी साठ हजारांची लेन्स घेतली. तोवर आमचे सगळे काम डिजिटल झाले होते. त्याच हिवाळ्यात एका लग्नाचे चौदाशे फोटो काढले, उत्कृष्ट काढले, आणि एकाच हार्ड डिस्कवर ठेवले. अल्बम व्हायच्या आत ती डिस्क बंद पडली. दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले. महिनाभराने वधूचे आजोबा गेले आणि घरचे लोक त्यांचा लग्नातला फोटो मागायला आले. मी आगाऊ घेतलेले पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. घेतले असते तर बरे वाटले असते. दुसरी डिस्क पाच हजारांत आली असती. लेन्ससाठी साठ हजार होते, हिच्यासाठी पाच नव्हते.

म्हणून 'धंदेवाईक फोटोग्राफर कोणाला म्हणावे' असे कोणी विचारले की मला महाग कॅमेरेवाला आठवत नाही, पैसे घेणाराही आठवत नाही. पुन्हा न येणारा क्षण ज्याच्या हवाली करावा आणि निर्धास्त घरी जावे, तो. या व्याख्येने १९७९ साली मामा धंदेवाईक ठरतात आणि २०१३ साली मी हौशी.

यावरून हा म्हातारा नव्या यंत्राच्या नावाने बोटे मोडणार असे समजू नका. फिल्मचे दिवस मी पुरेपूर भोगले आहेत. ओलाव्याने बुरशी आलेल्या निगेटिव्ह मी टोपलीभर फेकल्या आहेत. मोबाइलवर काढलेला फोटो हा फोटोच नव्हे, हे म्हणणेही मला पटत नाही. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तो १९७५ साली. वजन साडेतीन किलोंच्या पुढे, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. त्या साली मी बालाघाटच्या अंधाऱ्या खोलीत बर्फ फोडीत होतो. फिल्मचा धंदा सोडवेना म्हणून कंपनी रेंगाळली आणि २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. यंत्रावर रुसून कोणाचे भले झालेले मी पाहिले नाही.

आमच्या जिल्ह्याचा काही भाग कान्हाच्या जंगलात येतो. मुक्की गेटवर पहाटे जा, हातभर लांब लेन्सा घेतलेल्यांची रांग दिसेल. त्यांतले काही चांगले काम करतात. पण मला कौतुक वाटते ते दुसऱ्याच लोकांचे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात जंगलातल्या वाटेवर तार बांधून, वाघाच्याच पावलाने फ्लॅश उडवून त्याचे फोटो काढले. आज तेच काम झाडाला बांधलेले कॅमेरे करतात. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते. फोटो आले ३ कोटी ४८ लाखांवर, आणि त्यांत वाघांचे ७६,६५१. बटण दाबायला कॅमेऱ्यामागे माणूस नाही! मग फोटोग्राफर कोण? मी म्हणेन, पायी जाऊन कॅमेरा नीट उंचीवर बांधणारा, त्याचे घड्याळ बरोबर लावणारा आणि ठिकाणाची नोंद ठेवणारा वनरक्षक. नोंद चुकली तर वाघ कितीही देखणा आला तरी तो कुठला हे कळायचे नाही. मामांना हे फार आवडले असते.

राहता राहिले फोटोत फेरफार करण्याचे. मृताच्या फोटोत मिटलेले डोळे उघडे करून द्या, अशी मागणी तेव्हाही येई आणि मामी बारीक ब्रशने ते रंगवून देत. आज संगणक ते क्षणात करतो, आणि कधीच न काढलेला फोटोही बनवून देतो. मामी त्या प्रिंटच्या मागे पेन्सिलने 'डोळे रंगवलेले' असे लिहीत. आजच्या फोटोला मागची बाजूच नसते. ही नोंद कुठे ठेवायची हे तुम्हा मुलांनाच शोधावे लागेल. मला अजून सापडलेले नाही.

तेव्हा कॅमेरा कोणताही घ्या. वापरलेला घ्या, उसना घ्या. उरलेल्या पैशांतून दुसरी डिस्क घ्या, आणि एक वही.

स्टुडिओची जागा भाड्याची आहे. मालकांना ती विकायची आहे, दिवाळीपर्यंत मुदत मिळाली आहे. निगेटिव्हची त्रेचाळीस खोकी मी एकेक करून स्कॅन करीत आहे. सध्या १९८१ चालू आहे. दिवसाला साठ होतात. पावसाळी हवेत पाकिटे चिकटतात, तेव्हा चाळीसच.