संकासुराकडे शिकवणी लावा

विद्यापीठांच्या नाट्यविभागांत वार्षिक प्रयोगासाठी नाटक निवडायची वेळ आली की मध्ययुगीन नीतिनाट्याचे नाव निघतेच. इंग्रजीतले 'एव्हरीमन' जेमतेम नऊशे ओळींचे. पात्रे भरपूर, नेपथ्य नाममात्र, मानधनाचा प्रश्न नाही. मग त्याला 'आजचे' करायचे ठरते. मृत्यूच्या हाती मोबाइल येतो, धनाच्या अंगावर कोट चढतो आणि पैसा कोणी बरोबर नेत नाही, असे शेवटी सगळे मिळून प्रेक्षकांना सांगतात. प्रेक्षकाला हे घरून निघतानाच ठाऊक असते. तो टाळ्या वाजवतो, कारण रंगमंचावरची मुले त्याच्या ओळखीची असतात.

अशा प्रयोगात नवे रूप मिळते ते उपदेशाला. मोह जुनाच राहतो. खरे तर नीतिनाट्य उभे राहते ते दुर्गुणाच्या पात्रावर. इंग्रजी नीतिनाट्यातला 'व्हाइस' प्रेक्षकांशी सलगी करायचा, त्यांना हसवायचा आणि हसता हसता आपल्या कटात ओढायचा. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड स्वतःची तुलना त्याच्याशीच करतो. आपल्याकडेही तेच. अकराव्या शतकातल्या कृष्णमिश्रांच्या 'प्रबोधचंद्रोदया'त विवेक जिंकतो, पण रंगतात ते दंभ आणि अहंकार यांचे प्रवेश. मराठीत अगदी सुरुवातीला छापून निघालेल्या नाटकांत याच रूपकनाट्याचे १८५१चे भाषांतर आहे, याचा आपल्या नाट्यविभागांना विसर पडलेला दिसतो.

गोव्यातल्या नाट्यशिक्षकांना तर इतके लांबही जायला नको. पेडणे आणि डिचोली हे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. जुन्या काबिजादीतली, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातली, देवळे मोडली गेली तेव्हा हा भाग त्या राजवटीबाहेर होता. देवळे राहिली, जत्रा राहिल्या आणि जत्रेच्या रात्रीचा दशावतारी कालाही राहिला. रामदासांच्या 'दासबोधा'तही दशावतारी खेळाचा उल्लेख येतो, म्हणजे परंपरा निदान सतराव्या शतकापासूनची. तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांना आजही तिचा प्रेक्षक आहे.

या खेळाच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, संकासूर येतो. काळा पोशाख, तोंड झाकणारा काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. याने वेद चोरले आहेत, म्हणजे गुन्हा लहान नाही. पण पुढे आख्यानातले राजे आणि देव भारदस्त मराठी बोलत असताना हा गावची बोली बोलतो. गावात काय चालले आहे हे त्याला माहीत असते आणि तो ते बोलून दाखवतो. शेवटी विष्णू त्याला मारतो. तोवर जमलेले अख्खे गाव त्याच्या बाजूने हसलेले असते. ज्याच्यावर आपण लुब्ध झालो त्याचाच वध झाला, हे प्रेक्षकाला कळते, आणि नीती शिकवायची ती एवढ्यातच शिकवून होते. भाषण लागत नाही.

परदेशात यशस्वी झालेल्या रूपांतरांनीही बदल मोजके, पण वर्मावर केले. २०१५ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी कॅरल अ‍ॅन डफी यांनी 'एव्हरीमन' नव्याने लिहिले. त्यात देव केर काढणारी बाई झाला. माणसाकडे आयुष्याचा हिशेब मागणारा कोण, या प्रश्नाच्या एका नव्या उत्तराने सगळे नाटक हलले. झाल्झबुर्गला १९२०पासून हॉफमान्स्टालचे 'येडरमान' (म्हणजे 'प्रत्येक माणूस'), हे 'एव्हरीमन'चेच जर्मन रूपांतर, कॅथेड्रलसमोरच्या चौकात होते. नायकाच्या नावाची हाक शहरातल्या मनोऱ्यांवरून येते, म्हणून ती प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला लागू पडते.

गोव्यात आणखी एक संहिता हाताळण्याजोगी आहे. जिल व्हिसेंत या पोर्तुगीज नाटककाराचे १५१७चे नरकाच्या होडीचे नाटक. धक्क्यावर दोन होड्या, एक देवदूताची, दुसरी सैतानाची. सरदार, सावकार, धर्मगुरू, न्यायाधीश एकेक करून सैतानाच्या होडीत चढतात. ज्या राज्यात फेरीबोट रोजची आहे तिथे नेपथ्य आयतेच मिळाले. पण शेवटी आफ्रिकेत धर्मयुद्धात पडलेले चार वीर विनाचौकशी स्वर्गाच्या होडीत बसतात. नाटक लिहिले गेले त्याच्या सात वर्षे आधी गोवा त्याच राजसत्तेने जिंकला होता. गोव्यातल्या दिग्दर्शकाला हा शेवट जसाच्या तसा करता येणार नाही. त्या चौघांना धक्क्यावर थांबवून प्रश्न कोणी विचारायचे, हे ठरवणे म्हणजे खरे आधुनिकीकरण.

आणि आजचा मोह कोणता? डिचोलीत खाणी आहेत. २०१२मध्ये त्या थांबल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले. त्या खाणींनी शेते बुडवली, विहिरी आटवल्या, तसे ट्रकमालक आणि मजूर यांच्या चुलीही पेटवल्या. पेडण्यात मोपाच्या विमानतळाचे डिसेंबर २०२२मध्ये उद्घाटन झाले आणि जमिनीचे भाव घराघरांत बोलले जाऊ लागले. इथले 'धन' कोट घालून आले तर प्रेक्षक त्याला परका समजून सुटेल. ते आपल्याच वाड्यावरच्या, अडीअडचणीला धावून येणाऱ्या, गोड बोलणाऱ्या भाईच्या रूपाने आले पाहिजे. त्याचे म्हणणे खोडायला नायकालाच नव्हे, प्रेक्षकालाही जड गेले पाहिजे.

यासाठी विभागप्रमुखांना आणि दिग्दर्शकांना आमचे सांगणे थोडकेच. तालमीचा पहिला महिना संहिता पक्की करू नका. दशावतारात आख्यान ठरते, संवाद नट जागच्या जागी रचतो. विद्यार्थ्यांना ती सवय लावा. विभागातला सर्वांत तयारीचा नट सद्गुणाला देऊ नका, दुर्गुणाला द्या. दशावतारी मंडळांतल्या ज्येष्ठ कलावंतांना बोलवा. उद्घाटनाला दिवा लावण्यासाठी नको, तालमीत शिकवण्यासाठी बोलवा, आणि पाहुण्या प्राध्यापकाला जे मानधन देता तेच त्यांना द्या. प्रयोगही विद्यापीठाच्या सभागृहापुरता ठेवू नका. देवस्थान समितीची परवानगी घेऊन एक तरी प्रयोग पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या देवळाच्या प्राकारात, गावासमोर करा. परीक्षकांचे गुण त्यानंतर मोजा.