पाना मिस्त्रीच्या हाती, कुलूप कंपनीचे

नीरा आणि भीमा यांच्या संगमावरील नरसिंहपूर अनेक मराठी घराण्यांना ठाऊक आहे ते कुलदैवताचे ठिकाण म्हणून. परंतु या परिसराचा रोजचा संसार चालतो तो ऊस, दूध आणि चाके यांवर. गळिताच्या हंगामात ट्रॅक्टर दोन दिवस बंद पडला, तर तोडलेला ऊस वाळतो आणि वाहनमालकाचा हप्ता थकतो. अशा वेळी इंदापूर तालुक्याच्या या टोकाचा शेतकरी धाव घेतो ती रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे. त्या मिस्त्रीची विद्या आज कोणाच्या मालकीची होत आहे, हा प्रश्न श्रमिक चळवळीने आपला मानला पाहिजे.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि मोटारसायकलीच्या कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. मोटारी आणि ट्रक यांच्या इंजिनांचे नियंत्रण तर त्यापूर्वीच संगणकाकडे गेले होते. बिघाड होताच हा संगणक एक सांकेतिक क्रमांक नोंदवतो आणि तो वाचण्यास स्कॅनर लागतो. हवा स्वच्छ राहावी हा या बदलाचा हेतू योग्यच आहे. त्याला विरोध करणे हे पुरोगामीपण नव्हे.

सॉफ्टवेअर मिस्त्रीला निकामी करते, हेही खरे नाही. ‘पी ०१७१’ हा क्रमांक इतकेच सांगतो की हवेच्या मानाने इंजिनात इंधन कमी पडत आहे. नळी चिरून बाहेरची हवा आत शिरते आहे, इंधनाचा पंप थकला आहे, की हवा मोजणारा सेन्सर मळला आहे, हे शोधावे लागते मिस्त्रीच्या कानाला आणि हाताला. क्रमांक तक्रार सांगतो, कारण नव्हे. केवळ त्याच्या भरवशावर सुटे भाग बदलत गेले, तर भुर्दंड गिऱ्हाईकाला बसतो. यंत्राचा सल्ला आणि माणसाचा अनुभव एकत्र आले, तरच दुरुस्ती स्वस्त आणि नेमकी होते.

संकट आहे ते कुलपाचे. प्रदूषणाशी संबंधित क्रमांक सर्व कंपन्यांना बव्हंशी समान असतात; बाकीचे अनेक क्रमांक ज्याचे त्याचे खासगी. अनेक आधुनिक डिझेल इंजिनांत नवा इंजेक्टर बसवला, की त्याचा क्रमांक इंजिनाच्या संगणकात भरावा लागतो आणि ते सॉफ्टवेअर कंपनी आपल्या अधिकृत केंद्रापुरते राखून ठेवू शकते. मग मिस्त्रीने काम चोख केले तरी ते अपुरेच राहते. वाहन शहराकडे ओढून न्यावे लागते. ज्ञानाची मक्तेदारी म्हणतात ती हीच.

हा आरोप हवेतला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व बिघाड शोधण्याची साधने स्वतंत्र कारागिरांना उपलब्ध करण्यास फर्मावले. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली; शेतीची अवजारे आणि वाहने तिच्या कक्षेत होती. पाठोपाठ एक संकेतस्थळही आले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघाने २००७ च्या नियमानेच दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना देणे बंधनकारक केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनीच असा कायदा मंजूर केला.

कुलूप उघडले तर वाहनचोरी वाढेल, सुरक्षितता धोक्यात येईल, असे कंपन्या म्हणतात. चावी आणि चोरीरोधक यंत्रणेपुरते हे म्हणणे विचारात घ्यावे. त्यासाठी कारागिरांची नोंदणी करता येईल. इंजेक्टरचा क्रमांक दडवून मात्र कोणता चोर अडतो?

ज्या भागाने सहकारातून साखर कारखाने उभारले, त्याला सामायिक स्कॅनर अवघड नाही. मिस्त्रींनी सहकारी संस्था काढावी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सायंकाळी मराठीतून वर्ग चालवावेत आणि माहिती वाजवी दरात देण्याची सक्ती कायद्याने व्हावी. कार्यकर्त्यांनी या तीन मागण्या घेऊन गॅरेजांच्या दारी जावे. गॅरेजमधल्या श्रमिकाला संघटनेचे निमंत्रण आजवर क्वचितच पोहोचले आहे.